पाण्यात म्हैस, बाहेर मोल
(अति स्वस्त फर्निचरच्या छोट्या जाहिराती व सुजाण ग्राहक)

म्हैस पाण्यात डुंबत असताना काठावर उभे राहून तिचे मोल करू नये, असा आपल्या पूर्वजांचा सांगावा आहे. पाण्याबाहेर दिसतात ती केवळ शिंगे आणि पाठ. कास, पाय, वय आणि व्यंग ही सारी पाण्याखाली असतात. ज्या कोणा शेतकऱ्याच्या तोंडून ही म्हण प्रथम निघाली, त्याने वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती पाहिल्या नव्हत्या, की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झळकणारी चित्रेही पाहिली नव्हती. तथापि आजच्या एका सर्रास चालणाऱ्या फसवणुकीचे मर्म त्याने चार शब्दांत सांगून ठेविले आहे.

छोट्या जाहिरातींचा रकाना ही मुळात एक लोकोपयोगी सोय होय. बदली झालेला शिक्षक आपले कपाट विकतो, घर लहान झालेले कुटुंब जुना पलंग काढून टाकते, आणि नवे बिऱ्हाड थाटणाऱ्या एखाद्या जोडप्यास तीच वस्तू निम्म्या किमतीत मिळते. यात दोघांचेही हित आहे. वृत्तपत्रातून भ्रमणध्वनीवर गेल्यामुळे ही सोय खेड्यापाड्यांतही पोहोचली. पण जेथे प्रामाणिक माणसांची वर्दळ असते तेथेच खिसेकापूही फिरतो, या न्यायाने खोट्या जाहिराती देणाऱ्यांनीही त्याच रकान्यात आपले दुकान मांडले आहे. खरी जाहिरात कोणती आणि खोटी कोणती हे ओळखण्याची काही साधने वाचकांच्या हाती द्यावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जाहिरातीचा एक नमुना

या प्रकारच्या जाहिरातींची धाटणी बहुधा एकच असते. ती ध्यानी यावी म्हणून पुढील नमुना मुद्दाम तयार केला आहे :

"बदली झाल्यामुळे त्वरित विकणे आहे. अस्सल सागवानी जेवणाचे टेबल व सहा खुर्च्या. जवळजवळ नवीन. किंमत केवळ ४,५०० रुपये. घरपोच पाठविण्याची व्यवस्था आहे. प्रथम येणाऱ्यास प्राधान्य."

या पाच-सहा ओळींत पाच गोष्टी कौशल्याने गुंफलेल्या आहेत. 'बदली' हे स्वस्ताईचे पटण्याजोगे कारण होय. 'सागवानी' हा शब्द वस्तूची प्रतिष्ठा वाढवितो. 'घरपोच' म्हटल्याने आपण वस्तू पाहावयास जाण्याचे कारण उरत नाही. 'त्वरित' आणि 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' ही दोन्ही वचने विचार करण्यास लागणारा वेळच काढून घेतात. आणि पाचवी गोष्ट म्हणजे किंमत. ती मात्र आपल्याशी काही बोलत असते. आपण ऐकत नाही इतकेच.

किंमत काय सांगते?

लाकडाचा हिशेब घनफुटाने होतो. फळीची लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा व त्यास १४४ ने भागावे, की घनफूट निघतात. सहा फूट लांब, बारा इंच रुंद व एक इंच जाड अशी फळी म्हणजे बरोबर अर्धा घनफूट लाकूड.

आता वरील जाहिरातीतील टेबल मोजून पाहू. वरचा तक्ता पाच फूट लांब, छत्तीस इंच रुंद व एक इंच जाड धरला, तर त्यास सव्वा घनफूट लाकूड लागते. अडीच फूट उंचीचे व तीन इंच चौरस असे चार पाय धरले, तर आणखी सुमारे ०.६२ घनफूट होते. तक्त्याखालची चौकट एकूण चौदा फूट लांबीची, चार इंच रुंद व एक इंच जाड धरल्यास सुमारे ०.३९ घनफूट. म्हणजे एकट्या टेबलास सव्वादोन घनफूट लाकूड झाले. प्रत्येक खुर्चीस अगदी काटकसरीने पाव घनफूट धरले, तरी सहा खुर्च्यांचे दीड घनफूट होते. एकूण पावणेचार घनफूट.

आपल्या गावच्या वखारीत सागवानाचा त्या दिवशीचा भाव विचारावा. केवळ उदाहरणासाठी तो घनफुटाला ३,००० रुपये धरू. पावणेचार घनफुटांचे ११,२५० रुपये झाले. यात कापताना वाया जाणारे लाकूड नाही, सुताराची अनेक दिवसांची मजुरी नाही, पॉलिश नाही, वाहतूक नाही. मग 'जवळजवळ नवीन' असलेला हा संच त्याच्या नुसत्या लाकडाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत, तोही घरपोच, कोणास कसा देता येईल?

वापरलेल्या वस्तूची किंमत उतरते हे खरे. घाईने विकणारा नुकसान सोसतो हेही खरे. तथापि ज्यास खरोखर बिऱ्हाड हलवावयाचे आहे, त्यास गावातील जुन्या सामानाचा व्यापारी किंवा शेजारीपाजारी याहून बरी किंमत देतील. ती सोडून तो दूरच्या अनोळखी माणसास स्वखर्चाने माल का पाठवील? याचे उत्तर चारांपैकी एक असते : लाकूड सागवानी नाही, वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही, वस्तू त्याच्या मालकीची नाही, किंवा वस्तूच मुळी नाही. किंमत जे सांगत असते ते हेच.

शब्द खरे, हेतू खोटा

ही युक्ती आजची नव्हे. टपालाने माल मागविण्याचा व्यापार अमेरिकेत जेव्हा नुकताच मूळ धरीत होता, त्या काळातील एक जाहिरात व्यापाराच्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. पुढे या व्यापारातील प्रचंड पेढी उभारणारे रिचर्ड सीअर्स यांनी १८८९ साली ग्रामीण साप्ताहिकांतून एक कोच व दोन खुर्च्या अवघ्या ९५ सेंटांत देऊ केल्या. लोकांनी पैसे पाठविले. घरी आले ते बाहुलीच्या घरात शोभेल असे इवलेसे फर्निचर. जाहिरातीत 'लघुरूप' अशा अर्थाचा शब्द होता. मात्र तो बारीक टाइपात छापला होता.

या कथेतील बोध असा की फसवणुकीस नेहमीच असत्य लागते असे नाही. वाचणाऱ्याची घाई पुरेशी होते. आजही 'सागवानी' आणि 'सागवानी रंगाचे', 'लाकडी' आणि 'लाकडासारखे' यांतील अंतर एकाच शब्दाचे असते. यास्तव जाहिरात दोनदा वाचावी : एकदा काय लिहिले आहे ते पाहण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा काय लिहिलेले नाही ते पाहण्यासाठी. मोजमाप, लाकडाचा प्रकार, पत्ता आणि वस्तू पाहण्याची वेळ या चार गोष्टी नसतील, तर ती जाहिरात अपुरी समजावी.

फसवणुकीच्या पायऱ्या

सीअर्स यांच्या ग्राहकांस निदान बाहुलीचे फर्निचर तरी मिळाले. आजच्या फसवणुकीत ते देखील मिळत नाही. तिचा क्रम सामान्यतः असा असतो.

पहिली पायरी छायाचित्राची. ते दुसऱ्याच्या जुन्या जाहिरातीतून किंवा एखाद्या दुकानाच्या सूचिपत्रातून उचललेले असते.

दुसरी पायरी विश्वासाची. विक्रेता आपण सैन्यदलात, नौदलात किंवा केंद्रीय सुरक्षा दलात असल्याचे सांगतो. गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत आपण होऊन पाठवितो. देशात अनेक ठिकाणी हा प्रकार उघडकीस आला आहे. आपल्या भागात तो विशेष पटतो, कारण गोव्यात दाबोळी-वास्को परिसरात नौदलाचा तळ आहे आणि बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. येथून कुटुंबांच्या बदल्या खरोखरच होत असतात. गणवेशाविषयी आपल्या मनात जो आदर आहे, त्याचाच हा गैरवापर होय. खरा जवान आपले ओळखपत्र अनोळखी माणसास वाटीत फिरत नाही, आणि सैन्याची वाहने जुनी टेबले गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवीत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले तरी ही पायरी ढासळते.

तिसरी पायरी बयाण्याची. "दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे, पाचशे रुपये टाकून ठेवा." रक्कम मुद्दामच लहान असते.

चौथी पायरी वाढीव रकमांची. गाडीभाडे, विमा, फाटकावरील परवाना, कर; आणि प्रत्येक वेळी "ही रक्कम परत मिळेल" असे आश्वासन. येथे माणसाचे मन त्याच्याच विरुद्ध काम करू लागते. पाचशे बुडू नयेत म्हणून तो दोन हजार देतो, दोन हजार बुडू नयेत म्हणून पाच हजार देतो. विहिरीत पडलेली घागर काढण्यासाठी दोर, आणि दोर काढण्यासाठी बादली टाकावी, तसा हा प्रकार असतो.

पाचवी पायरी परताव्याची. ग्राहक संतापला की विक्रेता नम्र होतो आणि पैसे परत करण्यासाठी म्हणून एक चौकोनी संकेतचित्र, म्हणजे क्यूआर कोड, पाठवितो. ते टिपून गुप्त क्रमांक दाबताच पैसे येण्याऐवजी जातात. त्यानंतर दूरध्वनी बंद होतो.

या पाचव्या पायरीवरील नियम तर प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे : पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीच द्यावा लागत नाही, तो केवळ पैसे देण्यासाठी लागतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेचे मूळ सूत्रच ते आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी धाडण्याची, 'कलेक्ट' नावाची, सोय फसवणुकीमुळेच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. तथापि क्यूआर कोडाचा मार्ग खुलाच आहे, कारण रोजच्या प्रामाणिक व्यवहारासही तो लागतो. त्या दारावरचा पहारा आपणच करावयाचा आहे.

वस्तू खरी, पण मालक खोटा

वस्तू प्रत्यक्ष मिळाली म्हणजे व्यवहार शुद्ध झाला असेही नव्हे. गोव्यातील अनेक जुन्या घरांत शिसवी पलंग, कोरीव खुर्च्या आणि पेट्या पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या असतात, आणि यांपैकी कित्येक घरे वर्षातील बराच काळ कुलूपबंद राहतात. अशा वस्तू कोणी कवडीमोलाने विकू लागला, तर त्या त्याच्याकडे आल्या कोठून, हा प्रश्न विचारणे ग्राहकाचे कर्तव्य ठरते.

मालविक्री अधिनियम, १९३० याचे सर्वसाधारण तत्त्व असे की विकणाऱ्याजवळ जेवढी मालकी आहे, त्याहून अधिक मालकी घेणाऱ्यास मिळत नाही. त्यामुळे चोरीची वस्तू पैसे मोजून घेतली तरी ती मूळ मालकाची राहते. शिवाय ती चोरीची आहे हे ठाऊक असूनही, किंवा तसे मानण्यास कारण असूनही, अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. अति स्वस्त किंमत हे संशयाचे असेच एक कारण होऊ शकते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : वस्तू डोळ्यांनी पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. बयाणा नाही, भाडे नाही, 'परत मिळणारी' रक्कमही नाही. विक्रेता वस्तू दाखविण्याचे टाळत असेल, तर व्यवहार तेथेच संपला असे समजावे.

वस्तू पाहावयास दिवसा जावे, आणि एकट्याने जाऊ नये. शक्य झाल्यास गावातील सुतारास बरोबर न्यावे. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी हा या खरेदीतील उत्तम विमा होय. टेबल उलटे करून पाहावे, खण बाहेर काढून पाहावे. पॉलिश दर्शनी भागास असते. लाकडाची जात खालच्या आणि आतल्या बाजूस कळते. भरीव फळीच्या शिरा कडेवर आणि टोकावरही सलग दिसतात. कडेस चिकटविलेली पट्टी दिसली, किंवा आत भुसा व ढलप्या दाबून केलेला तक्ता आढळला, तर ते भरीव सागवान नव्हे. बारीक छिद्रे आणि त्याखाली पिठासारखा भुसा दिसल्यास लाकडास कीड लागली आहे.

पैसे देताना पडद्यावर खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव दिसते. ते विक्रेत्याच्या नावाशी जुळत नसल्यास थांबावे. साध्या कागदावर का होईना, वस्तूचे वर्णन, किंमत, तारीख, दोघांची नावे, पत्ते व सह्या असलेली पावती करून घ्यावी. प्रामाणिक विक्रेत्यास यात अपमान वाटण्याचे कारण नाही. ती पावती त्याचेही रक्षण करते.

जाहिरात एखाद्या दुकानाची असेल, 'गोदाम रिकामे करणे आहे' अशा थाटाची असेल, तर त्याचा जीएसटी क्रमांक मागावा. तो १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य दर्शवितात : गोवा ३०, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. हा क्रमांक जीएसटीच्या शासकीय संकेतस्थळावर कोणासही पडताळता येतो. पणजीतील दुकान म्हणविणाऱ्याचा क्रमांक दुसऱ्याच राज्याचा असेल, अथवा नोंदीत नाव निराळेच असेल, तर त्याचे स्पष्टीकरण मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

फसवणूक झालीच तर

येथे लाज हा मोठा शत्रू ठरतो. लग्नासाठी साठविलेल्या पैशांतून कपाट घेऊ पाहणारा बाप, नव्या बिऱ्हाडासाठी खाट शोधणारी नोकरदार मुलगी ही माणसे लोभी नसतात, गरजू असतात. परंतु "स्वस्ताला भुललात" असे लोक म्हणतील या भीतीने ती गप्प बसतात आणि त्या मौनाच्या आड गुन्हेगार निसटतो. या व्यवहारात विलंबाइतके नुकसानकारक दुसरे काही नाही. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविला जातो. तो काढून घेतला जाण्यापूर्वी सूचना मिळाली, तर बँक ती रक्कम रोखून धरू शकते.

यास्तव तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. आपल्या बँकेसही लगेच कळवावे. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, विक्रेत्याचा दूरध्वनी क्रमांक, जाहिरातीचे व संभाषणाचे छायाचित्र एवढी सामग्री जवळ असावी. संतापाच्या भरात संभाषण पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो.

पोलीस ठाण्यात तक्रार देताना गुन्हा आपल्या हद्दीत घडला की नाही, याची चिंता नागरिकाने करण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही क्षेत्रात घडला असला तरी, देता येते. फसवणूक करून मालमत्ता लुबाडणे या गुन्ह्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. संगणकीय साधनाने दुसऱ्याची बतावणी करून फसविणे यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

व्यापाऱ्याने सांगितला त्याहून निराळा किंवा हलका माल दिला असेल, तर मार्ग वेगळा. तेथे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो आणि राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर मार्गदर्शन मिळते. कोणत्या दारावर थाप मारावयाची हे आधीच ठाऊक असले, म्हणजे संकटात वेळ वाया जात नाही.

एक शेवटची सावधगिरी. "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडे शुल्क भरा" असे सांगणारे काही दिवसांनी भेटतात. ती बहुधा त्याच फसवणुकीची सहावी पायरी असते.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

या विषयाचा पाठ शाळेत सहज घेता येईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वर्गातील बाकाचे माप घेववावे, घनफूट काढवावेत, आणि गावच्या सुताराकडून लाकडाचा भाव विचारून आणण्यास सांगावे. मग एखादी जाहिरात फळ्यावर लिहून तिची किंमत शक्य आहे काय, हे मुलांनीच ठरवावे. गणित, भाषा आणि नागरिकशास्त्र यांची येथे एकत्र गाठ पडते. मुले हा हिशेब घरी सांगतील, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा हात पैसे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबेल.

ग्रामपंचायतींनी १९३० व १९१५ हे दोन क्रमांक सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहावेत, आणि ग्रामसभेत हा विषय एकदा तरी मांडावा. शासकीय कर्मचाऱ्यांनीही फसलेल्या माणसास प्रथम दोष न देता प्रथम तक्रारीचा मार्ग दाखवावा. त्यास बोल लावण्यात जी दहा मिनिटे जातात, तेवढ्या अवधीत त्याचा पैसा कदाचित वाचविता आला असता.

घरातील खाट, टेबल, कपाट या वस्तू पिढीभर टिकाव्यात म्हणून आपण घेतो. अशा खरेदीसाठी एक दिवस थांबणे, एक फेरी मारणे आणि चार प्रश्न विचारणे हे काही फार नव्हे. खरा विक्रेता तेवढा वेळ देतोच. जो तो देण्यास तयार नसेल, त्याची म्हैस पाण्यातच राहू द्यावी, आणि आपले मोल आपल्या गाठीस ठेवावे.